यजमानाची जागा आणि खेळाडूची जागा

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे राष्ट्रकुल क्रीडा संघटनेची सर्वसाधारण सभा झाली आणि २०३० च्या स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. कडोदरा चार रस्त्यावरून सकाळी निघालेला माणूस महामार्गाने दुपारच्या जेवणापर्यंत जिथे पोहोचतो, तिथे जगभरचे खेळाडू येणार. बातमी आली तेव्हापासून ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. यजमान आपण, म्हणजे आपले सगळे खेळाडू आपोआप आतच ना?

उत्तर सरळ देता येत नाही. सांघिक खेळात यजमान देशाच्या संघाला बहुधा पात्रता फेरीशिवाय जागा मिळते. वैयक्तिक खेळात देशाला ठरावीक जागा असतात. राष्ट्रकुलच्या मैदानी स्पर्धांत एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरतात, आणि त्या तिघांत येण्यासाठी घरच्याच लोकांशी लढावे लागते. पण यजमानाच्या हाती याहून मोठी एक गोष्ट असते, ती म्हणजे खेळांची यादी. कोणते खेळ ठेवायचे, कोणते गाळायचे, यात यजमानाचे म्हणणे वजनदार असते. तुमचा खेळच यादीत नसेल, तर तुम्ही जगातले तिसरे असा की तीनशेवे, घरच्या मैदानावरही तुम्ही प्रेक्षकच. हे आपल्याच माणसाच्या बाबतीत घडले आहे.

दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा ४ ते ११ मार्च १९५१ या काळात झाल्या. ठरल्या होत्या १९५० साली, पण तयारी पुरी होईना म्हणून वर्षभर पुढे गेल्या. देश नवा, फाळणीच्या जखमा ताज्या, तिजोरी रिकामी. तरीही ११ देशांचे खेळाडू आले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्या जपानला बोलावले नव्हते, तो जपानही आला आणि पदकांत पहिला आला. भारत दुसरा, १५ सुवर्ण, १६ रौप्य, २० कांस्य. पोहण्यात सचिन नागने १०० मीटरचे सुवर्ण घेतले. मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. पाण्यात सूर मारण्याच्या दोन्ही प्रकारांत के. पी. ठक्कर पहिले आले. मुंबईच्या रोशन मिस्त्रीने मुलींच्या १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, तर मेरी डिसोझाने २०० मीटरमध्ये कांस्य. आजच्यासारखी पात्रतेची वेळ, गुणांकन, जागतिक क्रमवारी असले काही तेव्हा नव्हते. राष्ट्रीय स्पर्धांत आणि निवड चाचण्यांत जो दिसला, तो संघात गेला.

खेळ किती होते? मैदानी स्पर्धा, जलक्रीडा, बास्केटबॉल, सायकल शर्यती, फुटबॉल आणि वजन उचलणे. यात कुस्ती नव्हती.

ही ओळ वाचून पुढे जाता येत नाही, कारण त्या मार्चमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव २५ वर्षांचे होते. १९२६ चा जन्म, घरात कुस्तीची परंपरा, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेला आणि गादीवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही सहावा आला. म्हणजे १९५१ साली भारताच्या हाताशी ऑलिंपिकमध्ये सहावा आलेला मल्ल होता, यजमानपद होते, स्टेडियम होते, आणि त्याच्यासाठी गादी अंथरलेली नव्हती. कुस्ती आशियाई स्पर्धांत आली ती १९५४ साली, तीही मनिलात.

पुढची कहाणी महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, पण या लेखाच्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे म्हणून थोडी सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय कुस्त्यांत आपल्याला मुद्दाम एका गुणाने मागे ठेवले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लावण्यात आली आणि तीत त्यांनी निरंजन दास यांना चीत केले, अशी हकीकत सांगतात. निवड झाली तरी जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आजच्या पिढीला ७,००० म्हणजे एका मोबाइलचे पैसे वाटतील. त्या काळी त्यात घर गहाण पडत होते.

हेलसिंकीत जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे ६२ किलोत चौथे आले. याचा अर्थ असा की दिल्लीच्या स्पर्धांनंतर अवघ्या १६ महिन्यांत दख्खनच्या मातीतले दोन मल्ल जगात तिसरे आणि चौथे ठरले. खाशाबांच्या गटाचे सुवर्ण घेणारा शोहाची इशी हा जपानी मल्ल होता, आशियातलाच. दिल्लीत गादी अंथरली असती तर काय झाले असते, हा तर्क मी करत नाही. वाचकांनी हवा तर करावा.

खाशाबा कऱ्हाडला उतरले तेव्हा गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, पुष्कळ वर्षे नोकरी केली आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

आता १९८२. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, दिल्लीच पुन्हा, ३३ देश. या स्मरणिकेच्या ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल ते रंगीत दूरदर्शन आणि अप्पू. अप्पू हत्ती होता, हे गणपतीच्या स्मरणिकेत लिहायला काहीच हरकत नाही. भारताने १३ सुवर्णांसह ५७ पदके मिळवली. ती १३ सुवर्णे एकदा मोजून पाहण्यासारखी आहेत. मैदानी स्पर्धांत चार: चाँदराम, चार्ल्स बोरोमिओ, वल्सम्मा आणि बहादूरसिंग. मुष्टियुद्धात कौरसिंग, कुस्तीत सतपाल आणि शिडाच्या नौकांत तारापोर-करंजिया जोडी, मिळून तीन. राहिली सहा. त्यातली तीन घोडेस्वारीत, दोन गोल्फमध्ये आणि एक महिला हॉकीत आली. हे तिन्ही खेळ आशियाई स्पर्धांत दिल्लीलाच पहिल्यांदा खेळले गेले. घोडेस्वारीतले एक सुवर्ण तर तंबूची खुंटी भाल्याने उपटण्याच्या खेळातले आहे, जो आपल्याकडे घोडदळात पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो.

यात लबाडी नाही. जो मांडव घालतो, तो कार्यक्रमपत्रिका ठरवतो, हे आपल्या मंडळालाही माहीत आहे. सगळेच यजमान हे करतात. पण १३ तली सहा सुवर्णे अशी आली हे पाहिल्यावर १९५१ ची रिकामी जागा अधिकच जाणवते.

त्याच १९८२ मध्ये आपला दुसरा खेळ दारापर्यंत आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जर्मनीत करून दाखवली होती. त्यानंतर ४६ वर्षांनी दिल्लीत कबड्डीला जागा मिळाली, पण प्रदर्शनीय खेळ म्हणून. खेळा, टाळ्या घ्या, पदक नाही. तरी त्या प्रदर्शनाचा उपयोग झाला. आशियातल्या क्रीडा अधिकाऱ्यांनी खेळ प्रत्यक्ष पाहिला, आणि शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे जे पत्रव्यवहार, दौरे, नियमांची जुळवाजुळव केली होती, तिला बळ आले. १९९० च्या बीजिंग स्पर्धांत कबड्डी पदकांचा खेळ झाली. भारताने सुवर्ण घेतले आणि त्या संघात आपले अशोक शिंदे आणि राजू भावसार होते. कबड्डीचे पहिले आशियाई पदक चिनी भूमीवर मिळाले, याची गंमत वाटते.

२०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत घोटाळ्यांचेच अधिक छापून आले आणि ते छापायला हवेच होते. पण खेळाच्या बाजूने पाहिले तर यजमानाने यादी विचारपूर्वक केली होती. २००६ च्या मेलबर्न स्पर्धांतून कुस्ती वगळली गेली होती, ती दिल्लीने परत आणली. तिरंदाजीही आणली. कुस्तीने १० सुवर्णांसह १९ पदके दिली, तिरंदाजीने तीन सुवर्णांसह आठ. एकूण १०१ पदके आणि ३८ सुवर्णे. राष्ट्रकुलच्या इतिहासात भारताचे अगदी पहिले पदकही कुस्तीचेच होते, १९३४ साली लंडनमध्ये रशीद अन्वर यांनी मिळवलेले कांस्य.

आणि दिल्लीत कुस्त्या झाल्या त्या सभागृहाला नाव दिले होते खाशाबा जाधवांचे. इंदिरा गांधी क्रीडासंकुलातले के. डी. जाधव सभागृह. १९५१ साली घरच्या स्पर्धेत ज्यांना उतरता आले नाही, त्यांच्या नावाखाली ५९ वर्षांनी घरचे मल्ल उतरले. सुवर्ण मिळवणाऱ्यांत नरसिंग यादव होता, मुंबईत वाढलेला, पुढे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला.

यजमानाची जागा म्हणजे पदक नव्हे, हेही त्याच स्पर्धांत दिसले. रग्बी आणि नेटबॉलमध्ये आपले संघ उतरले आणि हात हलवत परतले. लॉन बोल्स नावाचा, हिरवळीवर गोळे सोडण्याचा एक खेळ आहे. भारताला तो २०१० पर्यंत माहीतही नव्हता. यजमान म्हणून संघ उभा करावा लागला, लोक हसले. त्याच खेळात २०२२ साली बर्मिंगहॅममध्ये चार भारतीय महिलांनी सुवर्ण मिळवले. बारा वर्षे लागली.

या स्पर्धांतली दोन नावे मला आपल्या वाचकांसाठी जरा सावकाश सांगायची आहेत.

पहिले कविता राऊत. नाशिक जिल्ह्यातले सावरपाडा हे हरसूलच्या बाजूचे आदिवासी गाव, गुजरातच्या हद्दीपासून फार लांब नाही. पाण्यासाठी, शाळेसाठी चालणे हा तिथला रोजचा सराव. नाशिकचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिला हेरले आणि घडवले. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीत महिलांची १०,००० मीटरची शर्यत झाली. पहिल्या दोघी केनियाच्या, आणि तिसरी कविता, वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आता कोणी म्हणेल, घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे ना घर ना प्रेक्षक. कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत धावली, म्हणजे दिल्लीपेक्षा सव्वा मिनिटाने लवकर, आणि रौप्यपदक घेऊन आली. सुवर्णही आपल्याच प्रीजा श्रीधरनला, एका सेकंदाहून कमी अंतराने. दोन्ही शर्यतींचा डावपेच वेगळा असतो हे खरे, पण यजमान म्हणून मिळालेल्या जागेवर ती धावली असे त्यानंतर कोणाला म्हणता आले नाही.

दुसरे नाव कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचे. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ती ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली आणि दोन महिन्यांनी दिल्लीत आली. तिथे तिला दोन रौप्य आणि एक कांस्य मिळाले. त्यातले एक रौप्य जोडीचे होते, आणि जोडीदार होती आणंद जिल्ह्यातली लज्जा गोस्वामी. कोल्हापूर आणि आणंद. एकीने महाराष्ट्रातून आणि दुसरीने गुजरातेतून निवड चाचण्या दिल्या, आणि निशाणावरच्या दोघींच्या गुणांची बेरीज होऊन पदक मिळाले. त्या पदकाचा फोटो इथल्या मराठी घरांत मुद्दाम दाखवावा असा आहे.

कारण आपल्या घरांत हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे मूळ नंदुरबार, धुळे, जळगावकडचे. ताप्तीच्या रेल्वेने आजोबा आले, वडील मिलमध्ये लागले, आपण इथेच शिकलो. मुलांचा जन्म इथला. पण मुलगा शाळेतून कबड्डीत निवडला गेला की काका विचारतात, खेळणार कोणाकडून? २०२२ साली ३६ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गुजरातेत झाली आणि बॅडमिंटन, टेबल टेनिस, वाळूवरचे व्हॉलीबॉल हे खेळ सुरतला आले. १२ ऑक्टोबरचा समारोपही सुरतलाच झाला. तेव्हा इनडोअर स्टेडियममध्ये महाराष्ट्राचा खेळाडू आला की टाळ्या, आणि सुरतचा हरमीत देसाई आला की अधिक टाळ्या, अशी अनेकांची गत झाली असणार. गुजरातच्या पुरुष संघाने टेबल टेनिसचे सुवर्ण घेतले. पदकतालिकेत मात्र महाराष्ट्र सेनादलाच्या खालोखाल, १४० पदकांसह. यजमान गुजरात ४९ पदके घेऊन बाराव्या स्थानावर. यजमानाला जागा भरपूर होत्या, खेळाडू घडायला मात्र आणखी वर्षे हवी होती.

ते कुठे घडतात याचे उत्तर आपल्या फार जवळ आहे. डांग जिल्ह्याची सरिता गायकवाड २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ४ गुणिले ४०० मीटर रिलेच्या सुवर्णविजेत्या संघात होती. डांगचाच मुरली गावित २०१९ च्या आशियाई मैदानी स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिसरा आला. गायकवाड, गावित ही आडनावे आपल्याला परकी नाहीत, आणि डांगची बोली ऐकली की हद्द नेमकी कुठे संपते ते सांगणे कठीण जाते. कविताला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात, सरिताला डांग एक्स्प्रेस. खरी एक्स्प्रेस गाडी या दोन्ही मुलखांत कधी गेली नाही. डांगमध्ये पोचते ती बिलिमोरा-वघईची छोटी गाडी. सरिता धावपटू होण्याआधी खो-खो खेळत असे, राष्ट्रीय पातळीवर. खो-खो म्हणजे पुन्हा आपलाच खेळ. २०१६ साली गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा भारताने यजमान म्हणून तो पदकांच्या यादीत आणला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक भरला. दोन्ही विजेतेपदे भारताला, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सामने झाले इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, जाधव सभागृह ज्या संकुलात आहे तिथेच.

आता अहमदाबाद. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला या स्पर्धा सुरू झाल्या, म्हणजे २०३० हे शताब्दीवर्ष. २०२६ च्या ग्लासगो स्पर्धांसाठी खर्च आवरायला खेळ दहांवर आणले गेले. कुस्ती, नेमबाजी, बॅडमिंटन, हॉकी, टेबल टेनिस, सगळे बाहेर. भारताची बरीच पदके ज्या खेळांतून येतात, तेच नेमके गेले. अहमदाबादला १५ ते १७ खेळ असतील असे यजमानपद देताना सांगण्यात आले. टेबल टेनिस परत आले आहे, ही सुरतसाठी चांगली बातमी, कारण हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे दोघेही सुरतचे आणि दोघेही पॅरिस ऑलिंपिक खेळलेले. कुस्ती परत आणणे हे यजमान म्हणून आपल्या हातात बऱ्याच अंशी आहे, आणि माझ्या मते ती न आणण्याला कोणतेही कारण चालणार नाही. १९५१ चे कारण तर मुळीच नाही.

आज आपल्या मांडवात जी मुले बारा-तेरा वर्षांची आहेत, ती २०३० मध्ये सोळा-सतराची असतील. सरिता डांगमधून बाहेर पडली ती शाळेच्या मैदानावरून. इथे २०१० पासून राज्य सरकारचा खेल महाकुंभ भरतो, शाळा आणि गावापासून तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी. त्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती सगळे आहे. नाव नोंदवायला आधार कार्ड आणि जन्मतारखेचा दाखला काढून ठेवावा. ऐन वेळी कचेरीत रांग किती असते ते मी रोज पाहतो. अर्जावर मातृभाषेचा रकाना नसतो. जिल्हा सुरत, तालुका पलसाणा, एवढे लिहिले की झाले.